सातशे मीटरांच्या वर

प्योंगचांग हे नाव जगाला कळलं ते फेब्रुवारी २०१८ मध्ये, आणि ऑलिम्पिकची ज्योत विझल्यावर जग ते विसरूनही गेलं. त्याआधी हे नाव ऐकलं की लोकांना उत्तर कोरियाची राजधानी प्याँगयांग आठवायची. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांची जैवविविधता परिषद इथे भरली, तेव्हा केनियातून निघालेला एक प्रतिनिधी खरोखरच प्याँगयांगच्या विमानतळावर जाऊन उतरला होता. असले घोटाळे टाळायला ऑलिम्पिकचे संयोजक रोमन स्पेलिंगमधलं मधलं 'सी' अक्षर मुद्दाम मोठं छापत. त्या ऑलिम्पिकचे सतरा दिवस या पुस्तकात येतात, पण ओघात. ज्या मुलखात ते पार पडले त्याची जमीन, वारा, बर्फ आणि पाऊस हा पुस्तकाचा खरा विषय. पुढच्या प्रकरणांत माणसं, बाजार आणि शेतं भेटतील. त्याआधी ती माणसं ज्या जमिनीवर उभी आहेत ती नीट पाहून घेऊ.

दक्षिण कोरियाच्या ईशान्येला गँगवॉन प्रांत आहे. प्योंगचांग हा त्यातला एक 'गुन', म्हणजे ग्रामीण जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे १,४६४ चौरस किलोमीटर. देशातल्या सगळ्या गुनांमध्ये याहून मोठे दोनच, होंगचोन आणि इंजे, आणि दोन्ही याच प्रांतातले. वस्ती मात्र चाळीस हजारांच्या आसपास, तीही म्हातारी होत चाललेली. पाचातले चार हिस्से जंगल. एक गाव जिल्ह्याच्या ठाण्याचं आणि बाकी सात ग्रामीण विभाग. त्यांतल्या एकाचं नाव योंगप्योंग. १९७५ मध्ये सुरू झालेलं देशातलं पहिलं आधुनिक स्की केंद्रही योंगप्योंगच्याच नावाने ओळखलं जातं. पण ते योंगप्योंग विभागात नाही, देग्वाल्योंग विभागात आहे. पाहुण्यांची गाडी चुकते ती बहुधा इथेच.

अक्षांश पाहिला तर फसायला होतं. साडेसदतीस अंश उत्तर म्हणजे अथेन्सच्याही किंचित दक्षिणेला. या हिशेबाने इथे द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकायला हवेत. पण अथेन्सचा हिवाळा भूमध्य समुद्र ऊबदार ठेवतो, तर कोरियाचा हिवाळा सायबेरियाच्या हातात असतो. नोव्हेंबरपासून सायबेरियावर थंड, जड हवेचा डोंगर साचतो आणि ती हवा वायव्येकडून कोरियावर उतरते. राजधानी सोलही त्यात गारठते. प्योंगचांगमध्ये त्यावर आणखी उंचीची भर पडते.

जिल्ह्याची साठ टक्क्यांहून जास्त जमीन समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांच्या वर आहे. उत्तरेला ग्येबांगसान आणि ओदेसान पर्वताचं बिरोबोंग ही शिखरं दीड हजार मीटरांच्या पलीकडे जातात. दक्षिणेकडचं प्योंगचांग गाव जेमतेम तीनशे मीटरांवर आहे, तर ईशान्य टोकाचं देग्वाल्योंग सातशे ते आठशे मीटरांवर. दर शंभर मीटरांना पारा साधारण अर्धा-पाऊण अंश उतरतो. म्हणजे एकाच जिल्ह्यात, त्याच दिवशी, दोन टोकांच्या हवेत तीन-साडेतीन अंशांचा फरक. खाली पेरण्या आटोपलेल्या असतात तेव्हा वर शेतकरी अजून रात्रीच्या दहिवराला घाबरून असतो. सातशे या आकड्याचा जिल्हा प्रशासनाने तर बोधशब्दच करून टाकला: 'हॅपी सातशे'. याच उंचीवर माणसाचं शरीर सगळ्यात सुखात राहतं, झोप गाढ लागते, असा त्यांचा दावा. शरीराचं मला माहीत नाही. पण सातशे मीटर ही रेष इथली पिकं, घरं, बाजार आणि अलीकडे जमिनीचे भावसुद्धा ठरवते, हे मात्र खरं.

ही उंची आली कुठून? सुमारे दोन-अडीच कोटी वर्षांपूर्वी जपान आशियाच्या कडेपासून सुटून दूर सरकू लागला आणि मधे कोरियन लोकांचा 'पूर्व समुद्र' उघडला. त्या उलथापालथीत कोरियाची पूर्व कड उचलली गेली, पश्चिम बाजू तेवढी उचलली गेली नाही. अख्खा द्वीपकल्प कलला. तेबेक पर्वतरांग ही त्या कललेल्या फळीची वर आलेली कड. मराठी वाचकाला हे समजायला सह्याद्री आठवावा आणि आरशात पाहावा. आपला घाट पश्चिमेला कोकणात कोसळतो आणि पूर्वेला देश हळूहळू उतरत जातो. तेबेक पूर्वेला समुद्राकडे कोसळतो आणि पश्चिमेला सोलच्या दिशेने सावकाश उतरतो. देग्वाल्योंगचा ८३२ मीटरांचा घाट या कडेवर आहे. तिथून खाली गांगनुंग हे बंदराचं शहर सरळ रेषेत वीसेक किलोमीटरवर. जुन्या घाटरस्त्याला नव्याण्णव वळणं होती असं सांगतात. कुणी मोजली असतील असं वाटत नाही. २००१ मध्ये महामार्ग बोगद्यांतून गेला आणि ती वळणं सहलीला येणाऱ्यांच्या वाट्याला आली.

घाटाच्या अलीकडे, म्हणजे प्योंगचांगच्या बाजूला, एक विचित्र दृश्य आहे. इतक्या वर चढून आल्यावर कडेकपारी असतील असं वाटतं, पण समोर येतात त्या मऊ, लाटांसारख्या टेकड्या, कुरणं आणि शेतं. जमीन उचलली जाण्याआधी लाखो वर्षं झिजून सपाट झालेला हा पृष्ठभाग आहे. तो तसाच्या तसा वर आला, आणि नद्यांना अजून तो पुरता कुरतडता आलेला नाही. १९७० च्या दशकात इथे मोठी गुरांची कुरणं तयार झाली. पुढे त्याच टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. एकट्या गँगवॉन पवन प्रकल्पाची क्षमता ९८ मेगावॅट आहे. वारा इथे कधी कमी पडत नाही.

नद्यांची गोष्ट याहून गमतीची. घाटाजवळ उगम पावणाऱ्या सोंगचोन ओढ्यापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. पण जमिनीचा कल पश्चिमेकडे, म्हणून हा ओढा समुद्राकडे पाठ फिरवतो, दक्षिणेला जोंगसोनच्या डोंगरांत शिरतो, दक्षिण हान नदीला मिळतो आणि सोल ओलांडून पार पश्चिमेच्या पिवळ्या समुद्रात जातो. ओदेसानमधून निघणारा ओदेचोन आणि जिल्ह्याच्या मधून वाहणारी प्योंगचांग नदी यांचीही वाट तीच. ओदेसानमधला उतोंगसू झरा हाच हान नदीचा उगम, असं शतकानुशतकं मानलं जाई. पुढे मोजमाप झालं आणि तो मान तेबेक शहराजवळच्या दुसऱ्या झऱ्याकडे गेला. पाण्याचा हा उलटा प्रवास अभियंत्यांना खटकला. सोंगचोनवर दोआम धरण बांधून त्यांनी पाणी बोगद्यातून पूर्वेकडे वळवलं आणि गांगनुंगच्या बाजूला खाली सोडून वीज काढली. कागदावर योजना सुरेख होती. पण वरच्या उतारांवरच्या शेतांतली माती आणि खत दर पावसात धरणात उतरत होतं. गांगनुंगकरांच्या नदीत गढूळ, थंडगार पाणी येऊ लागलं, लोक चिडले आणि २००१ मध्ये वीजनिर्मिती थांबवावी लागली. डोंगरावरच्या नांगराचा हिशेब खालच्या गावाला द्यावा लागतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, मितान विभागात, खडक बदलतो. इथे जुना चुनखडीचा थर आहे, पाणी तो विरघळवत आत शिरतं आणि गुहा तयार होतात. तोंग नदीच्या काठावरची बेंग्न्योंग गुहा त्यांतली प्रसिद्ध. नदीवर मोठं धरण झालं असतं तर ती पाण्याखाली गेली असती. देशभर विरोध झाला आणि २००० साली राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांनी तो प्रकल्प रद्द केला. आता या गुहेत मोजक्याच लोकांना, अंगभर जाड कपडे घालून आणि डोक्यावर दिवा लावून, सरपटत जावं लागतं. हे मला योग्य वाटतं.

आता हवेकडे येऊ. देग्वाल्योंगला ७७२ मीटरांवर १९७१ पासून हवामान केंद्र आहे. तिथलं वर्षाचं सरासरी तापमान सात अंशांच्या आसपास. जानेवारीची सरासरी उणे सातच्या जवळ, आणि ऑगस्टची विशीच्या आत. जानेवारीत खाली गांगनुंगला मात्र सरासरी शून्याच्या वरच असते. वीस किलोमीटरांत सात-आठ अंशांचा हा फरक केवळ उंचीने पडत नाही. वायव्येचा वारा डोंगर ओलांडून खाली उतरताना दाबला जातो आणि तापतो. शिवाय किनाऱ्याला समुद्राची ऊबही मिळते. डोंगराची भिंत गांगनुंगला वाचवते, आणि त्या भिंतीच्या माथ्यावर बसलेलं देग्वाल्योंग सगळा मार खातं.

बर्फाबद्दल एक गैरसमज आहे. इथे कडाक्याची थंडी असते, म्हणून भरपूर बर्फ पडत असेल, असं बाहेरच्याला वाटतं. पण सायबेरियाची हवा कोरडी असते. वर्षाच्या सतराशे मिलिमीटरच्या आसपास पावसापैकी मोठा वाटा जून-अखेरीपासून सुरू होणाऱ्या 'चांगमा' या पावसाळ्यात आणि त्यामागून येणाऱ्या वादळांत पडतो. हिवाळ्यातला खरा मोठा बर्फ पूर्वेकडून येतो. उच्च दाबाचं क्षेत्र उत्तरेला सरकलं की वारा दिशा बदलतो, पूर्व समुद्रावरून वाहू लागतो, तुलनेने ऊबदार पाण्यावरून ओल उचलतो आणि तेबेकच्या भिंतीवर आदळतो. मग दिवसच्या दिवस बर्फ पडतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये गांगनुंगच्या बाजूला मीटरहून जास्त बर्फ साचला होता. असा बर्फ बऱ्याचदा हिवाळा सरत आल्यावर येतो. २०१८ च्या स्पर्धांत उतारांवरचा बहुतेक बर्फ यंत्रांनी बनवलेला होता, त्याचं कारण हेच.

वसंतात हाच डोंगर उलटं वागतो. पश्चिमेचा वारा घाट ओलांडून किनाऱ्याकडे झेपावतो, उतरता उतरता कोरडा आणि वेगवान होतो. पूर्व किनाऱ्यावरचे मोठे वणवे याच वाऱ्याने पेटवले. एप्रिल २०१९ मधला गोसोंगचा वणवा त्यांतलाच. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा फिरकी. ओखोत्स्क समुद्रावरची गार हवा पूर्वेकडून येते, किनाऱ्यावर ढग आणि गारवा सोडते, आणि घाट ओलांडून पश्चिमेला उतरली की तापून कोरडी होते. तिला तिथे 'नोप्से' म्हणतात. पश्चिमेकडची भातशेती तिच्याने करपते. घाटमाथ्यावर मात्र त्या दिवसांत धुकं असतं, इतकं दाट की कुरणातली मेंढरं दहा पावलांवर दिसेनाशी होतात.

अशा ठिकाणी माणूस राहायला का आला? सरळ उत्तर असं की ज्याला दुसरीकडे जागा नव्हती तो आला. भात न पिकणारा मुलूख जुन्या कोरियात कवडीमोल. डोंगर जाळून कुमरी शेती करणारे गरीब लोक वर सरकत आले. तिथे त्यांना साथ दिली दोन पिकांनी. एक, बकव्हीट, कोरियन भाषेत 'मेमिल', जे हलक्या जमिनीत अडीच-तीन महिन्यांत हाती येतं. दुसरा बटाटा, जो कोरियात पोहोचलाच एकोणिसाव्या शतकात. खराब झालेला बटाटाही इथे फेकत नसत. मडक्यात पाण्यात घालून तो आठवडेच्या आठवडे कुजवायचा, मग पाणी बदलत बदलत तळाशी बसलेलं सत्त्व धूत राहायचं, वास जाईपर्यंत. वाळवलेल्या त्या सत्त्वाच्या वड्या वाफवल्या की करड्या-काळसर, अर्धपारदर्शक दिसतात. उपासमारीतून निघालेला हा पदार्थ आज हॉटेलांत कौतुकाने मागवला जातो. मेमिलचंही तसंच. जिल्ह्यातल्याच बोंगप्योंगमध्ये जन्मलेले लेखक यी ह्यो-सोक यांनी १९३६ मध्ये फिरत्या बाजारकऱ्यांवर एक कथा लिहिली, चांदण्या रात्री फुललेल्या मेमिलच्या शेतांतून देह्वाच्या बाजाराकडे जाणाऱ्या वाटेवरची. आज सप्टेंबरात लोक बोंगप्योंगला गर्दी करतात ती त्या पांढऱ्या फुलांसाठी. बाजार अजूनही पाच दिवसांनी भरतात: बोंगप्योंगचा तारखेच्या शेवटी दोन किंवा सात असेल तेव्हा, जिनबूचा तीन-आठला, देह्वाचा चार-नऊला, प्योंगचांगचा पाच-दहाला. कुमरी शेतीवर १९६६ च्या कायद्याने बंदी आली. १९६८ अखेरीस पूर्व किनाऱ्यावर उतरलेले उत्तर कोरियाचे सशस्त्र हस्तक याच डोंगरांतून फिरले, आणि मग सरकारने विखुरलेली डोंगरवस्ती खाली आणण्याची घाई केली.

दुर्गमतेचा उपयोग राजांनीही केला. १५९२ च्या जपानी स्वारीत राजवटीच्या इतिहासग्रंथांच्या चार प्रतींपैकी तीन जळाल्या. शहरात ठेवलेलं जळतं हे कळल्यावर दरबाराने नव्या प्रती डोंगरांत पाठवल्या. त्यांतली एक १६०६ मध्ये ओदेसानमध्ये आली. आग, पाणी आणि वारा इथे पोहोचत नाहीत अशी त्या जागेची ख्याती. डोंगराने तीन शतकं आपलं काम चोख केलं. १९१३ मध्ये जपानी राजवटीने ते खंड टोकियोला नेले, आणि १९२३ च्या भूकंपातल्या आगीत त्यांतले बहुतेक जळाले. तिथे उरलेले खंड कोरियात परतायला २००६ उजाडलं.

या पुस्तकाचं म्हणणं इथून सुरू होतं. गेल्या साठ-सत्तर वर्षांत प्योंगचांगने आपली थंडीच विकायला काढली. इथलं खरं पीक थंडी. बटाटा, कोबी, मासा, बर्फ ही तिची रूपं. देग्वाल्योंगचा बटाटा देशभर बियाण्यासाठी जातो, कारण गार, वाऱ्याच्या हवेत विषाणू पसरवणारा मावा कमी असतो आणि बेणं निरोगी राहतं. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या मैदानांत किमचीचा कोबी उकाड्याने सडतो, तेव्हा तो इथल्या आणि शेजारच्या डोंगरांवर उभा असतो. मितानजवळच्या चोंगोकसानच्या माथ्यावर, बाराशे मीटरांवर, कोबीचं पठारच आहे.

पण थंडीचा सगळ्यात बारीक व्यवहार पाहायचा तर देग्वाल्योंगमधल्या हेंग्ग्ये गावात, हिवाळ्यात. उघड्या मैदानात ओंडक्यांचे दुमजली मांडव उभे असतात आणि त्यांवर पोलॉक मासे जोडीजोडीने बांधून लटकवलेले. ही कला कोरियन युद्धानंतर उत्तरेतून आलेल्या निर्वासितांनी आणली. रात्री मासा दगडासारखा गोठतो. दुपारी उन्हात थोडा सैलावतो, पाणी थेंब-थेंब सुटतं. पुन्हा रात्र, पुन्हा गोठणं. असं मार्च-एप्रिलपर्यंत चाललं की मांस फुलून तंतुमय होतं, पिवळं पडतं, आणि माशाला 'ह्वांगते' हे नाव मिळतं. अधूनमधून बर्फ पडला तर उत्तम, त्याने ओल टिकते. थंडी जास्त झाली तर मासा पांढराच राहतो आणि 'बेकते' होतो. ऊब जास्त झाली तर काळपटतो, तो 'मोकते'. तिघांचे भाव वेगळे. म्हणजे हिवाळा कसा गेला हे इथे माशाच्या रंगावरून कळतं. मासा मात्र आता कोरियाचा उरलेला नाही. किनाऱ्यालगतचा पोलॉक संपल्यात जमा झाला, २०१९ मध्ये त्याच्या मासेमारीवर बंदी आली, आणि मांडवांवर लटकतो तो रशियन समुद्रातला.

ऑलिम्पिक हा याच व्यापाराचा मोठा सौदा. २०१० साठी मागणी केली, व्हँकुव्हरकडून हरले. २०१४ साठी केली, सोचीकडून हरले. २०११ मध्ये डरबनला तिसऱ्या खेपेला जिंकले. हेंग्ग्येत ३५ हजार आसनांचं, छप्पर नसलेलं स्टेडियम उभं राहिलं. उद्घाटनाला आलेल्यांना कांबळी आणि गरम पुड्या वाटल्या होत्या. त्या आठवड्यात वाऱ्यामुळे स्कीच्या शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या, आणि देग्वाल्योंगच्या माणसाला त्याचं काहीही नवल वाटलं नाही. चार समारंभ झाल्यावर स्टेडियम पाडलं. रेल्वे राहिली, सोलहून जिनबूला दीडेक तासात येता येतं. शेजारच्या जोंगसोनशी सामायिक असलेल्या गारीवांगसान पर्वतावरचं जुनं जंगल मात्र शर्यतीच्या उतारासाठी कापलं गेलं. तो सौदा माझ्या मते तोट्याचा होता.

आता सगळ्या व्यापाराचं भांडवलच पातळ होऊ लागलं आहे. २०१० च्या शरदात कोबीचा एक गड्डा दहा हजार वॉनच्या वर गेला होता. २०२४ च्या विक्रमी उन्हाळ्यात डोंगरावरचा कोबीही टिकला नाही आणि सरकारने चीनहून कोबी आणला. हिवाळे मधेच ढिले पडतात, मांडवांवर मासे चढवायला उशीर होतो. त्याच वेळी सफरचंद वर चढत आलं आहे. पूर्वी ते दक्षिणेकडच्या देगूच्या आसपास पिकायचं, आज प्योंगचांगमध्ये त्याच्या बागा आहेत. कोरियाच्या ग्रामीण विकास प्रशासनाने २०२२ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०७० च्या दशकात सफरचंद गँगवॉनच्या काही भागांतच उरेल. एका पिढीची थंडी गेली तर दुसरीला सफरचंद मिळेल, असा हिशेब काही शेतकरी मांडतात. तो पुरा बरोबर असेलसं मला वाटत नाही, कारण सफरचंदाला कुठे जायचं ठाऊक आहे, कोबीला याहून वर जागाच नाही.

पुढची प्रकरणं गावांच्या क्रमाने लावली आहेत, खालून वर, प्योंगचांग गावापासून देग्वाल्योंगपर्यंत. ती कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. प्रत्येक गावाच्या नावाखाली त्याची उंची मीटरांत दिली आहे. वाचकाने तेवढा आकडा वगळू नये, ही विनंती.